कटपीसचे दुकान : स्वतः खाका काढणाऱ्यांच्या नजरेतून

पुण्यात रविवार पेठेतील कापडगंजाच्या आसपास, घाऊक व्यापाऱ्यांच्या मोठ्या दुकानांमागे, कटपीस विकणारी काही लहान दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानातून मी घरच्या शिवणकामासाठी बऱ्याच काळापासून कापड घेत आले आहे आणि हे परीक्षण त्याच दुकानाविषयी आहे. दुकानाचा दर्जा सांगण्यापूर्वी एक अट मात्र स्पष्ट करावी लागेल. ज्याला स्वतःच्या मापांवरून कागदावर खाका (कापड कापण्याचा आराखडा) काढता येतो, त्याच्यासाठी हे दुकान उत्तम आहे. जो येथून कापड घेऊन ते तसेच शिंप्याकडे नेणार आहे, त्याच्यासाठी ते साधारण आहे आणि कित्येकदा महागही पडते. एकाच मालाबद्दल अशी दोन मते का होतात, हे समजण्यासाठी तेथे काय मिळते आणि ते कसे विकले जाते, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे.

दुकानात येणारा माल मुख्यतः तीन प्रकारचा असतो. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून कापतात, तेव्हा प्रत्येक ताग्याच्या शेवटी जो तुकडा थराच्या लांबीला पुरत नाही तो बाजूला पडतो. हा माल सर्वांत चांगला, कारण कापड निर्दोष असते आणि फक्त लांबी कमी असते. दुसरा प्रकार रंगाच्या छटेत फरक पडलेल्या किंवा छपाई सरकलेल्या कापडाचा असतो. तिसरा प्रकार म्हणजे विणताना धागा तुटलेला, गाठ आलेला किंवा डाग पडलेला माल, ज्याला बाजारात ‘सेकंड’ म्हणतात. दुकानदार हे तीनही प्रकार वेगवेगळे ठेवत नाहीत आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. एकाच गठ्ठ्यात कारखान्याचे सुंदर कॅम्ब्रिक आणि मध्येच बाण्याचा धागा गळालेले पॉपलिन शेजारी शेजारी असते, भावही एकच असतो आणि निवड सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर सोडलेली असते. तुकडा पूर्ण उलगडून उजेडासमोर धरल्याशिवाय येथे काहीही घेऊ नये. गल्ल्यावरचे काका त्याला हरकत घेत नाहीत, उलट “ताई, दारात नेऊन बघा, इथल्या ट्यूबखाली काही कळायचं नाही,” असे स्वतःच सांगतात, ही त्यांच्या बाजूची गोष्ट.

विक्रीची पद्धत दुहेरी आहे. एक मीटरपेक्षा मोठे तुकडे मापावर आणि लहान तुकडे वजनावर विकले जातात. वजनावरच्या विक्रीत एक हिशेब दडलेला आहे, जो बहुतेक गिऱ्हाइके करत नाहीत. साधे सुती पॉपलिन चौरस मीटरला सुमारे 115 ग्रॅम भरते असे धरले, तर 44 इंच पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) एका मीटरचे वजन 130 ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे किलोमागे पावणेआठ मीटर कापड पदरात पडते. तेच 65 ग्रॅमचे मलमल असेल, तर त्याच पन्ह्यात किलोमागे साडेतेरा मीटरहून अधिक मिळते. आणि 400 ग्रॅमचे जाड डेनिम 58 इंच पन्ह्यात असेल, तर किलोभरात जेमतेम 1.7 मीटर येते. किलोचा भाव सर्वांना सारखाच 400 रुपये धरला, तर मलमल मीटरला तिशीच्या आत, पॉपलिन पन्नाशीच्या थोडे वर आणि डेनिम 235 रुपयांना पडते. तात्पर्य, वजनाच्या गठ्ठ्यातून पातळ कापड उचलावे आणि जाड कापड मापाच्या फळीवर शोधावे. दुकानात मात्र लोकांची झुंबड नेमकी वजनावरच्या डेनिमवर आणि जाड कॅनव्हासवर असते, कारण हाताला भरीव लागणारे कापड स्वस्त मिळाल्याचा भास लवकर होतो.

मापावरच्या तुकड्यांबाबत दुसरी तक्रार नोंदवावी लागेल. कटपीस बहुतेकदा तिरका फाडलेला किंवा कापलेला असतो आणि दुकानात त्याची लांबी लांब बाजूने मोजली जाते. घरी आल्यावर कडेचा एक आडवा धागा ओढून त्या रेषेवर कापड सरळ केले, की दीड मीटर म्हणून घेतलेला तुकडा पाच ते आठ सेंटीमीटरने कमी भरतो. शिवाय सुती कापड पहिल्या पाण्यात आणखी थोडे आखडते, त्यामुळे खरेदी करताना दोन्ही मिळून दहा-बारा सेंटीमीटर सोडून उरलेलीच लांबी आपली समजावी. मी आता टेप सोबत नेते आणि आखूड बाजूने मोजून भाव विचारते. काका थोडे कुरकुरतात, पण बहुतेक वेळा मान्य करतात.

आता मुख्य मुद्दा. पूर्ण ताग्यातून कापड विकणारा दुकानदार कुर्त्यासाठी दोन ते सव्वादोन मीटर सांगतो आणि त्याचे चुकत नाही, कारण त्याला समोरच्याची मापे ठाऊक नसतात आणि कोणत्याही अंगाला पुरेल एवढे कापड सांगणे त्याला भाग असते. खाका आपला असेल, तर हे सगळे गणित बदलते. छाती 36 इंच असलेल्या व्यक्तीचा सरळ, बाजूला कट असलेला कुर्ता घेऊ. छातीचा चौथा भाग 9 इंच, त्यात सव्वा इंच लूज (सैलपणा) आणि अर्धा इंच शिलाईची जागा धरली, तर पाव भागाची रुंदी पावणेअकरा इंच होते आणि पुढचा-मागचा मिळून पूर्ण घेर 43 इंचांत बसतो. सीट (नितंबांचा घेर) छातीपेक्षा फार मोठी नसेल, तर 44 इंच पन्ह्यावर पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी मावतात, किनारीच शिलाईत जातात, आणि 40 इंच उंचीच्या कुर्त्याला दुमड धरून 42 इंच लांबी पुरते. त्याखाली दहा इंचांत दोन्ही अर्ध्या बाह्या बसतात. एकूण लागले 52 इंच, म्हणजे 1.32 मीटर. कटपीसच्या फळीवर दीड मीटरच्या आसपासचे तुकडे विपुल असतात आणि इतर गिऱ्हाइके त्यांना ‘कुर्त्याला अपुरे, ब्लाउजला जास्त’ म्हणून बाजूला सारतात. घरी खाका काढणाऱ्याला या दुकानाचा खरा लाभ होतो तो या टाकलेल्या मापांत.

अर्थात येथे लूज कमी ठेवण्याचा, बाजूची शिलाई अर्ध्या इंचावर आणण्याचा आणि पुढे-मागे उसवायला जागा न ठेवण्याचा निर्णय आपण जाणूनबुजून घेतलेला असतो. शिंपी तो घेणार नाही आणि त्याने घेऊही नये, कारण गिऱ्हाइकाचे वजन वाढले तर शिव्या त्याला खाव्या लागतात. म्हणूनच हे कापड शिंप्याकडे नेण्यात अर्थ नाही, असे मी आरंभी म्हटले.

खाका काढण्याची माझी रीत साधी आहे. खाकी कागदावर पाव भागाचाच आराखडा काढायचा, त्यात शिलाईची जागा मुळीच धरायची नाही आणि ती प्रत्येक वेळी कापडावर खडूने, त्या त्या तुकड्याच्या ऐपतीप्रमाणे द्यायची. गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाने आणि रुंदीचे इतर माप चौथ्या भागाने काढले, की आराखडा उभा राहतो; परंतु मुंढ्याचा (बाही जोडण्याच्या जागेचा) गोलावा आणि खांद्याचा उतार मात्र सूत्राने कधीही बरोबर येत नाही, तो अंगावर पाहूनच ठरवावा लागतो. त्यासाठी याच दुकानात मिळणारे मांजरपाट फार उपयोगी पडते. कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा भिजवून, वाळवून, त्याचा कच्चा नमुना धावदोऱ्याने जोडून अंगावर घालून पाहिला आणि मुंढ्यात जेथे चुणी पडते तेथे टाचणी लावून ती कागदावर उतरवली, की तो खाका वर्षानुवर्षे कामाला येतो. दुकानातील सर्व मालात किमतीच्या मानाने सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे कोणी विचारले, तर मी मांजरपाटाचेच नाव घेईन, जरी दुकानात ते दाराआड पायाशी पडलेले असते.

एकदा शुद्ध खाका हाती असला, की अपुऱ्या कापडाला कोठे जोड द्यायचा हे ठरवता येते. पाठीच्या मध्यावर शिलाई घेतली, तर एका मोठ्या तुकड्याऐवजी दोन निमुळते तुकडे चालतात. योक (खांद्यालगतची वरची पट्टी) वेगळा काढला, तर वरचा भाग दुसऱ्या कापडाचा होतो आणि खालच्या घेराला लांबी कमी लागते. प्रिन्सेस कटच्या ब्लाउजमध्ये टक्स (आकारासाठी घेतलेल्या चुण्या) शिलाईत विरून जातात आणि पुढचा भाग चार अरुंद पट्ट्यांत विभागला जातो, त्यामुळे 80 सेंटीमीटरचा ब्लाउजपीस ज्यासाठी लागतो ते काम अनेकदा 60-65 सेंटीमीटरमध्ये होते. मात्र बाह्या दुसऱ्या कापडाच्या किंवा साडीच्या उरलेल्या काठाच्या कराव्या लागतात. जितक्या शिलाया जास्त, तितके प्रत्येक तुकड्याला कापड कमी लागते, हे घरच्या शिवणकामाचे एक मूळ सूत्र आहे आणि आपल्याकडच्या जुन्या कपड्यांत ते पुरेपूर वापरलेले दिसते.

कळीदार कुर्ता हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मधला भाग सरळ आयत असतो आणि घेर सर्वस्वी कळ्यांतून येतो. दहा इंच रुंदीचा एक आयत घेऊन तो असा तिरका कापला, की एका टोकाला दोन इंच आणि दुसऱ्या टोकाला आठ इंच राहतील, तर एका कापात दोन सारख्या कळ्या मिळतात आणि चिंधीसुद्धा उरत नाही. अशा कळीची एक बाजू उभ्या धाग्यावर आणि दुसरी उरेबावर (धाग्याला तिरक्या दिशेत) पडते. उरेबाची बाजू शेजारच्या तुकड्याच्या सरळ बाजूला जोडली, तर शिलाई लोंबत नाही. दोन उरेब बाजू एकमेकींना जोडल्या, तर काही धुण्यांनंतर कुर्त्याचा तळ खाली-वर होतो आणि मग तो कितीही वेळा कापून सारखा केला तरी पुन्हा बिघडतो. या दुकानातील तीन-चार इंच कमी-जास्त लांबीचे, पण एकाच पोताचे तुकडे कळ्यांसाठी फार सोयीचे पडतात. रंगसंगती जमवण्याचे काम तेवढे आपले. त्यात दुकानाची मदत शून्य आहे, कारण एकदा विसकटलेला गठ्ठा तेथे कोणी पुन्हा लावत नाही.

पायजम्याचे गणित याच्या उलट आहे. तेथे जोड देण्यापेक्षा मोठा पन्हा शोधणे शहाणपणाचे ठरते. 58 इंच पन्ह्यावर मध्यम अंगाच्या पायजम्याचे दोन्ही पाय शेजारी बसतात आणि नेफा, तळची दुमड धरून 1.10 मीटरमध्ये काम होते. 36 इंच पन्ह्यावर त्याच पायजम्याला दोन लांब्या लागतात. आसनाला पुरेशी रुंदी राहत नसेल, तर मांडीच्या आतल्या बाजूस कापडाचा चौकोनी तुकडा उरेब धरून बसवण्याची जुनी रीत आजही निर्दोष आहे आणि बसता-उठता शिलाई उसवत नाही. फळीवर 58 इंची माल कमी येतो आणि आला की लवकर उचलला जातो. सोमवारी-मंगळवारी सकाळी गेल्यास तो मिळण्याचा संभव अधिक असतो, असा माझा अनुभव आहे.

कापडाची पारख करण्यात दुकानाचे सांगणे प्रमाण मानू नये. येथे ‘कॉटन’ हा शब्द सुती आणि सुतासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक कापडाला लावला जातो. यात काकांचा हेतू वाईट नसावा, कारण त्यांच्याकडेही माल नावाशिवायच येतो. तुकड्याच्या कडेचे चार धागे ओढून, घरी आल्यावर चिमट्यात धरून जाळले, तर सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख देतो, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक काळी गोळी होते, आणि रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. मिश्र धाग्यात राखही दिसते आणि गोळीही लागते. लहान मुलांच्या झबल्या-टोपड्यांसाठी कापड घेताना ही परीक्षा टाळू नये. रंग पक्का आहे की नाही हे मात्र दुकानातच पाहता येते. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासला की उत्तर लगेच मिळते. गडद निळा, मरून आणि काळा या रंगांच्या तुकड्यांनी मला सर्वांत जास्त निराश केले आहे.

किनार नसलेल्या तुकड्यात उभा धागा ओळखणे हेही शिकून घ्यावे लागते. कापड दोन्ही दिशांनी हलकेच ताणले, तर उभ्या दिशेने ते कमी ताणले जाते. शर्ट, कुर्ता, ब्लाउज यांचा मुख्य भाग उभ्या धाग्यावरच हवा. योक, खिसा, पट्टी यांना आडवा चालतो. गळ्याची पायपीन उरेबच लागते. अंगातील दोन समोरचे भाग वेगवेगळ्या दिशांनी कापले, तर कपडा धुतल्यावर एका बाजूला फिरतो आणि त्याला मग उपाय नाही. मखमल, कॉर्डरॉय किंवा एका दिशेची फुले असलेली छपाई अपुऱ्या मापात घेऊच नये, कारण तेथे खाक्याचे भाग उलटसुलट मांडून कापड वाचवण्याची सोयच राहत नाही.

सेकंडच्या मालाविषयी माझे मत दुकानात येणाऱ्या इतर अनुभवी शिवणाऱ्यांपेक्षा थोडे सौम्य आहे. दोष कोठे आहे हे खडूने आधी गोल करून घेतले आणि खाका त्याभोवती मांडला, तर बहुतेक डाग काखेच्या कापात किंवा गळ्याच्या खोलीत निघून जातात. गळालेला धागा मात्र टाळावा, कारण तो पूर्ण पन्हाभर जातो. विणकाम विरळ असलेले कापडही टाळावे. त्यावर 11 क्रमांकाची बारीक सुई वापरली तरी शिलाई ताणाखाली सरकते आणि मुंढ्यापाशी धागे फाकतात.

होजिअरीचे (बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचे) तुकडे येथे मिळतात, परंतु ते शिवण्यासाठी गोल टोकाची सुई आणि ताणले जाईल असा टाका लागतो. साध्या पायमशीनवर हा खटाटोप करू नये, एवढे सांगून हा विषय सोडते.

खर्चाचा प्रामाणिक हिशेब द्यायचा, तर कापडाचे पैसे पूर्ण ताग्याच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास वाचतात, मात्र वेळ दुप्पट जातो. तुकडे निवडणे, धुणे, सरळ करणे, दोष खुणावणे आणि खाका तीन-चार प्रकारे मांडून पाहणे यांत शिवण्याइतकाच वेळ खर्ची पडतो. त्या वेळेची किंमत धरली, तर बाजारातला तयार कुर्ता स्वस्त ठरतो, याविषयी मला शंका नाही. ज्याला खांदे अरुंद व पाठ रुंद, किंवा दोन्ही बाह्यांच्या लांबीत फरक, अशा कारणांनी तयार कपडा कधीच नीट बसत नाही, त्याच्या दृष्टीने हा वेळ सत्कारणी लागतो. बाकीच्यांनी आपापला विचार करावा. संगणकावरून मागवण्याच्या कटपीसच्या गठ्ठ्यांशी तुलना करायची, तर हे दुकान निःसंशय सरस आहे, कारण संगणकावर पोत हाताला लागत नाही आणि कापड किती पारदर्शक आहे हे चित्रावरून समजत नाही.

काही व्यावहारिक गोष्टी. कापलेले किंवा धुतलेले कापड परत घेत नाहीत, जे रास्तच आहे; न कापलेला, न धुतलेला तुकडा दुसऱ्या दिवशी पावतीसह नेला तर बदलून देतात. जागा अतिशय अरुंद असून दोन माणसे आत असली की तिसऱ्याला पायरीवर थांबावे लागते, आणि पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्यांना दमट वास येतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या फळ्यांवरचाच माल पाहावा. बटणे, लेस, हूक, नाड्या येथे मिळत नाहीत. त्यासाठी तुळशीबागेत जावे लागते आणि तेथे निवड कितीतरी मोठी आहे. शिलाईचा दोरा याच दुकानात स्वस्त मिळतो, पण तो मध्येच जाड-बारीक होतो आणि मशीनच्या ताणात तुटतो, म्हणून दोरा चांगल्या प्रतीचा, बाहेरूनच आणावा.

अस्तरासाठी मात्र या दुकानात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कटपीसमधील अस्तर वेगवेगळ्या ताग्यांतले असल्याने प्रत्येक तुकडा वेगळ्या प्रमाणात आखडतो, आणि वरचे कापड जागेवर राहून आतले ओढले गेले, की उत्तम बसलेला ब्लाउजही काखेत दाटतो. अस्तर पूर्ण ताग्यातून, वरच्या कापडासोबतच भिजवून घेतलेले बरे.